मोठ्या जातीचा ससा : शोध, निवड आणि घरगुती जोपासना

गाय, म्हैस, शेळी व कोंबडी यांचे संगोपन ग्रामीण कुटुंबास नवीन नाही. परंतु दूध, अंडी वा श्रम यांपैकी कशाचीही अपेक्षा न ठेवता केवळ सोबतीसाठी प्राणी पाळावयाचा, ही गोष्ट कुत्र्यामांजरांपलीकडे आपल्याकडे फारशी गेलेली नव्हती. अलीकडे मात्र मोठ्या जातीच्या सशांची चित्रे घरोघर पोहोचली आहेत. मुले हट्ट धरतात, वडीलमंडळी गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे चौकशी करतात, आणि कार्यकर्त्याजवळ बहुधा शेळीपालनाची पुस्तिका तेवढी असते. असा ससा कोठे मिळतो, तो खरोखर मोठ्या जातीचा आहे हे कसे ओळखावे आणि महाराष्ट्राच्या हवेत तो कसा जगवावा, याची माहिती येथे दिली आहे.

शिवारातील ससा निराळा

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन भिन्न प्राण्यांना लावला जातो. आपल्या माळरानावर, तुरीच्या वा हरभऱ्याच्या शेतात जो ससा दिसतो, तो बिळात राहत नाही. तो गवतात अंग दडवून बसतो आणि त्याची पिल्ले अंगावर केस व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतात. पाळीव ससा हा युरोपातील बिळात राहणाऱ्या जातीचा वंशज होय. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात व कित्येक दिवस घरट्याच्या उबेत राहतात. या दोहोंचा संकर होत नाही. पंचतंत्रातील सिंहाला विहिरीत लोटणारा चतुर ससा हा आपल्या शिवारातलाच समजावा. पिंजऱ्यातील पांढऱ्या सशाशी त्याचे नाते फार दूरचे आहे.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. रानातील सशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे वा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. कापणीच्या वेळी एकटे दिसलेले पिल्लू ‘पोरके झाले’ म्हणून पुष्कळदा घरी आणले जाते. वस्तुतः त्याची आई दिवसभर मुद्दाम दूर राहते व तिन्हीसांजेनंतर येऊन त्याला पाजते. असे पिल्लू जेथल्या तेथे, किंवा कापणी चालू असल्यास जवळच्या बांधावरील गवतात ठेवून द्यावे. घरी आणलेली अशी पिल्ले सहसा जगत नाहीत.

मोठ्या जाती कोणत्या

मोठ्या सशांमध्ये मूळ मानाची जात फ्लेमिश जायंट ही होय. बेल्जममधील फ्लँडर्स प्रदेशात, गेंट शहराच्या आसपास ती वाढीस लागली. तिचे पहिले लेखी मानक १८९३ साली तयार झाले. अमेरिकेतील मानकानुसार पूर्ण वाढलेला नर किमान सुमारे ६ किलो व मादी सुमारे साडेसहा किलो भरली पाहिजे; कमाल वजनास मर्यादा नाही. युरोपात हिच्यापासून निघालेल्या काँटिनेंटल जायंट जातीचा डॅरियस नावाचा ससा २०१० साली मोजला असता १२९ सेंटिमीटर लांब भरला होता. एवढ्या मापाचा ससा हा अपवादच. सर्वसाधारण फ्लेमिश हा दीड महिन्याच्या करडाएवढा असतो, आणि घरात ठेवण्यास तेवढाही पुरेसा मोठा आहे.

भारतात शुद्ध फ्लेमिश दुर्मिळ आहे. आपल्याकडे मोठ्या जाती म्हणून ज्या रुळल्या, त्या म्हणजे व्हाइट जायंट, ग्रे जायंट व सोव्हिएट चिंचिला. यांचे पूर्ण वाढीचे वजन साधारण ४ ते ५ किलो असते. व्हाइट जायंट पांढरा व तांबड्या डोळ्यांचा असतो. ग्रे जायंटचा रंग बहुतांशी रानसशासारखा करडा असतो, आणि सोव्हिएट चिंचिलाची लोकर राखी असून फुंकर घातली असता तिच्यात रंगांची वलये दिसतात. कौटुंबिक सोबतीसाठी या जाती कोणत्याही दृष्टीने कमी नाहीत. उलट आकार थोडा लहान असल्याने आपल्या उन्हाळ्यात त्या फ्लेमिशपेक्षा सांभाळण्यास सोप्या पडतात. नावाच्या मोहाने दुप्पट-तिप्पट पैसे मोजून ‘परदेशी जायंट’ घेण्यापेक्षा यांपैकी एखादा चांगला ससा घेणे अधिक शहाणपणाचे.

कोठे शोधावा

भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या अखत्यारीतील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था ही राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ साली स्थापन झाली. तेथे, तसेच तिच्या तामिळनाडूतील कोडाईकनालजवळच्या मन्नवनूर केंद्रात आणि हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातील गारसा केंद्रात सशांवर काम झाले आहे. मन्नवनूर येथे व्हाइट जायंट व सोव्हिएट चिंचिला जोपासले जातात व शेतकऱ्यांना पैदाशीचे ससे पुरविले जातात. ही केंद्रे प्रामुख्याने उत्पादनासाठी ससे ठेवणाऱ्यांकरिता आहेत हे लक्षात घेऊन, आधी पत्र वा दूरध्वनीने चौकशी केल्याखेरीज तेथे जाऊ नये. शिवाय लांबच्या प्रवासाने ससा घाबरून खाणे सोडतो, हा धोका आहेच. म्हणून जवळच्या जिल्ह्यातील एखादा प्रामाणिक सशेपालक मिळाल्यास तो अधिक बरा.

दुकानातून घ्यावयाचा झाल्यास, २०१८ च्या नियमांनुसार प्राणिविक्रीच्या दुकानास राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी आवश्यक आहे. ती पाहण्यास मागण्याचा ग्राहकास संकोच नसावा. आठवड्याच्या बाजारात टोपलीत घालून विकावयास आणलेली मुठीएवढी पिल्ले ही बहुधा आईपासून अवेळी तोडलेली असतात. ती घेऊन चार दिवसांत मेली म्हणजे मुलांच्या मनाला जो धक्का बसतो, त्याची भरपाई कोणी करून देत नाही. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहिलेले असावे.

येथे आणखी एक इशारा देणे अवश्य आहे. ‘आमच्याकडून जोड्या घ्या, पिल्ले आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ’ अशी बोली करणारे व्यापारी अधूनमधून गावात येतात. घरच्या मुलासाठी एक ससा पाहावयास गेलेला गृहस्थ दहा जोड्यांचा करार करून परततो, आणि पुढे खरेदीदार फिरकत नाही. घरी सोबती ठेवणे आणि व्यवसाय करणे हे दोन स्वतंत्र निर्णय आहेत. पहिल्यासाठी दुसऱ्याच्या करारावर सही करण्याचे काहीच कारण नाही.

पारख

दोन महिन्यांच्या पिल्लाकडे पाहून ते मोठ्या जातीचे आहे किंवा नाही, हे जाणत्यालाही खात्रीने सांगता येत नाही. विक्रेता मात्र प्रत्येक पिल्लाला ‘जायंट’ म्हणतो. यावर उपाय एकच : आई व बाप दोन्ही पाहावे आणि शक्य तर काट्यावर तोलून पाहावे. आई-बाप दाखविण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून खरेदी करू नये. मोठ्या जातींची वाढ सावकाश होते. लहान ससा सहा महिन्यांत पुरा होतो, तर फ्लेमिशला वर्ष वा त्याहून अधिक काळ लागतो.

पिल्लाचे डोळे स्वच्छ व नाक कोरडे असावे. पुढच्या पायांच्या आतील बाजूचे केस चिकट, गुंतलेले असल्यास ते पिल्लू सर्दीने वाहणारे नाक पायांनी पुसत आहे असे समजावे. विक्रेत्याने नाक पुसून ठेवले तरी पाय खरे सांगतात. कानात खपल्या असल्यास कानातील गोचिडीवर्गीय किडीची लागण असते. शेपटीखालचा भाग मळलेला असल्यास हगवण समजावी. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे व्यवस्थित बसलेले असावेत, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढत असतात व वाकडे बसल्यास झिजत नाहीत. असा ससा पुढे अन्न पुढ्यात असून उपाशी राहतो.

एक की दोन

ससा हा कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवल्यास तो खिन्न होतो. तथापि ‘जोडी’ म्हणून नर व मादी आणून एकत्र सोडणे म्हणजे संकटास निमंत्रण होय. मादीचा गर्भकाळ अवघा ३१ दिवसांचा असतो. व्याल्यानंतर ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते, आणि एका वेतात सहा-आठ पिल्ले सहज होतात. वर्षअखेरीस त्या घरात किती ससे होतील याचा हिशेब वाचकांनीच करावा. असे नकोसे झालेले ससे शेवटी रानात सोडले जातात, व एक-दोन रात्रींत कुत्र्यांच्या वा कोल्ह्यांच्या तोंडी पडतात. जेथे ते पडत नाहीत तेथे काय घडते हे ऑस्ट्रेलियाने पाहिले आहे. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी सुमारे दोन डझन ससे सोडले, आणि पुढे त्यांच्या संततीने त्या खंडातील कुरणे व पिके फस्त केली.

यास्तव दोन ससे ठेवावयाचे असल्यास दोघांचेही खच्चीकरण करून घ्यावे. मादीच्या बाबतीत ही शस्त्रक्रिया केवळ संततीसाठी नव्हे, तर तिच्या जिवासाठी हितावह आहे. खच्चीकरण न केलेल्या माद्यांमध्ये चार वर्षांच्या वयानंतर गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असते. कुत्र्याला शस्त्रक्रियेपूर्वी उपाशी ठेवतात तसे सशाला ठेवू नये, कारण तो ओकू शकत नाही आणि त्याचे पोट रिकामे राहणेच घातक ठरते. सशावर शस्त्रक्रिया करण्याचा अनुभव प्रत्येक तालुका दवाखान्यात असेलच असे नाही. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांकडे यासंबंधी विचारणा करता येईल. ती ससा आणण्यापूर्वी करावी, नंतर नव्हे.

निवारा आणि उन्हाळा

बाजारात मिळणारा तारेचा लहान पिंजरा मोठ्या सशास सर्वस्वी निरुपयोगी आहे. सशाच्या तळपायांना कुत्र्यामांजराप्रमाणे गाद्या नसतात. केवळ दाट केस असतात. पाच-सहा किलोंचा भार तारेच्या जाळीवर पडला म्हणजे टाचांचे केस झिजून जखमा होतात, आणि त्या बऱ्या होण्यास महिनोन् महिने लागतात. जमीन सपाट असावी व तीवर गोणपाट, जुनी सतरंजी किंवा भाताच्या पेंढ्याचा जाड थर असावा. ब्रिटनमधील रॅबिट वेल्फेअर असोसिएशन अँड फंड ही संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद व १ मीटर उंच जागा सुचविते. ओसरीचा एखादा कोपरा जाळीने बंद केल्यास एवढी जागा सहज होते. जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरावा, कारण ससा उकरतो, आणि बाहेरून मुंगूस, साप व घुशीही आत येतात. रात्री जागा पूर्ण बंद असावी. कुत्रा जाळीबाहेर उभा राहून नुसता भुंकला, तरी केवळ भयाने ससा दगावल्याची उदाहरणे आहेत.

महाराष्ट्रात सशाचा खरा शत्रू म्हणजे ऊन. त्याला १५ ते २० अंश सेल्सिअस तापमान सुखाचे वाटते. ३० अंशांपुढे त्याला त्रास होऊ लागतो, आणि विदर्भातील मे महिन्याची ४५ अंशांची दुपार उघड्या पडवीत त्याने काढावी अशी अपेक्षाच करू नये. त्याला घाम येत नाही व कुत्र्यासारखे धापा टाकून अंग निववता येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यतः लांब कानांतून बाहेर टाकतो. शरीर जितके मोठे तितकी ही अडचण अधिक, म्हणून मोठ्या जातीच्या मालकाने दुप्पट सावध असावे. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड ठिकाणी हा प्रश्न सौम्य आहे. खानदेश, मराठवाडा व विदर्भात मात्र कूलरची सोय असलेली, किंवा जाड मातीच्या भिंतींची व कौलारू छपराखालची अंधारी खोली उन्हाळाभर सशासाठी देता येत नसेल, तर मोठ्या जातीचा ससा आणूच नये. पत्र्याच्या छपराखाली तर कोणत्याही जिल्ह्यात ठेवू नये.

खिडक्यांना ओले गोणपाट लावावे, परंतु हवा कोंडू देऊ नये. बसावयास शहाबादी फरशीचा तुकडा द्यावा. बाटलीत पाणी गोठवून, ती फडक्यात गुंडाळून जवळ ठेवल्यास ससा आपण होऊन तिला टेकून बसतो. कान तापून लालभडक होणे, श्वास फार जलद चालणे, तोंडाभोवती ओल येणे व ससा आडवा पडून न उठणे ही उष्माघाताची लक्षणे होत. अशा वेळी त्याला ताबडतोब सावलीत न्यावे, साध्या थंड पाण्याने कान भिजवावेत व पशुवैद्यास गाठावे. बर्फाच्या पाण्यात बुचकळण्याचा आततायीपणा करू नये. त्या धक्क्यानेच प्राणी दगावतो.

कोकणात ऊन सौम्य, पण पावसाळी दमट हवा वाईट. तेथे वैरणीला बुरशी येते व सशाला खरूज लागते. शिवाय पावसाळ्यात मागचा भाग ओला वा मळलेला राहिल्यास माश्या तेथे अंडी घालतात व एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. या दिवसांत रोज एकदा सशाचा मागचा भाग पाहण्याचा नेम चुकवू नये.

खाणे

ससा म्हटला की गाजर, ही समजूत चित्रांच्या पुस्तकांनी पसरविली आहे. सशाचे खरे अन्न म्हणजे वाळलेले गवत. त्याच्या एकंदर खाण्यात चार पंचमांशाहून अधिक भाग गवताचा असावा व ते दिवसरात्र पुढ्यात असावे. यानेच दात झिजतात आणि यानेच आतडे हलते राहते. मारवेल, पवन्या, हरळी यांचे वेळेवर कापून सावलीत वाळविलेले हिरवट, सुवासिक गवत उत्तम. या बाबतीत शेतकऱ्याचे घर शहरातील घरापेक्षा भाग्यवान आहे. शहरात जे गवत पुडीत बांधून महाग विकतात, ते येथे बांधावर उभे असते. रोज सशाच्या अंगाच्या आकाराएवढी गंजी त्याला लागते असे धरून पावसाळ्याअखेरीस साठा करावा. कडबा व भाताचा पेंढा कठीण व निकस असल्याने अंथरुणास योग्य, मुख्य अन्नास नव्हे.

हिरव्यामध्ये कोथिंबीर, मुळ्याचा व गाजराचा पाला आणि शेवरीचा कोवळा पाला थोडथोडा द्यावा. लसूणघास वाढत्या पिल्लांना चांगला; प्रौढ सशाला रोज दिल्यास त्यातील चुन्याच्या आधिक्याने मूत्राशयात खडे होण्याचा संभव असतो. सुबाभूळ शेळ्यांना चालते म्हणून सशाला घालू नये. तिच्यातील मिमोसिनमुळे सशाचे केस गळतात. कोवळी ज्वारी, घाणेरी, रुई, धोतरा, गाजरगवत, कांदा, लसूण व बटाट्याचा पाला वर्ज्य समजावा. औषध फवारलेल्या शेतातील वा बांधावरील पाला तर चुकूनही नको. गोळी खाद्य दिल्यास प्रौढास दर किलो वजनामागे २० ते २५ ग्रॅमपेक्षा अधिक नको. पोळी, भात, पाव, बिस्किटे व गूळ हे पदार्थ माया म्हणून दिले जातात. त्यांनी सशाच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात व पोट फुगते. फळाचा वा गाजराचा तुकडा आठवड्यातून एकदोनदा पुरे. पाणी मात्र भरपूर हवे. सहा किलोंचा ससा उन्हाळ्यात दिवसाला अर्धा लिटर वा त्याहून अधिक पितो. जड मातीच्या परळात ते ठेवावे, म्हणजे उलथत नाही.

रात्रीच्या वेळी ससा आपल्याच मऊ, झुपक्यासारख्या लेंड्या गुदद्वाराजवळून थेट खातो. ही विकृती नव्हे. अन्नातील जीवनसत्त्वे दुसऱ्या फेरीत पचविण्याची ती त्याची नैसर्गिक रीत असून, तिला अडथळा करू नये.

हाताळणी व दुखणी

सशाला कान धरून उचलणे ही जुनी पद्धत क्रूर आहे. त्याची हाडे हलकी व मागचे पाय बळकट असतात. अधांतरी धरला असता तो जोराने लाथ झाडतो व स्वतःचाच कणा मोडून घेतो. एक हात छातीखाली व दुसरा पुठ्ठ्याखाली घालून अंगाशी धरून उचलावा. सहा किलोंचा ससा लहान मुलाने उचलूच नये. मुलाने जमिनीवर बसावे, ससा आपण होऊन जवळ येतो. हा नियम पहिल्याच दिवशी घालून दिला म्हणजे पुढे मुलाला ओरखडे निघत नाहीत व सशाची कंबर शाबूत राहते. मोठ्या जातीचे ससे बहुधा शांत स्वभावाचे असतात. तरी घरातील विजेच्या तारा त्यांच्या दातांपासून दूर ठेवाव्यात.

सशाच्या दुखण्यात वेळेला मोठे महत्त्व आहे. संध्याकाळी खाणे सोडलेला ससा सकाळी पाहू असे म्हणून चालत नाही. दहा-बारा तास खाणे वा लेंड्या बंद राहिल्या की आतडे थांबते, आणि मग औषधाचाही उपयोग होईनासा होतो. घरातील माणसांची वा गुरांची औषधे देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन व पेनिसिलिन ही औषधे तोंडाने दिल्यास सशाला मारक ठरतात, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरावयाचे फिप्रोनिल सशाच्या अंगावर घालणे धोक्याचे आहे. खरूज व गजकर्ण सशापासून माणसाला होऊ शकतात. म्हणून हाताळल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत, व सशाचे केस गळून चट्टे दिसल्यास उपचार होईपर्यंत त्याला मांडीवर घेऊ नये.

मोठ्या जातीच्या सशाचे आयुष्य लहान जातींपेक्षा कमी, साधारण पाच ते आठ वर्षांचे असते. आज ससा मागणारा तिसरीतला मुलगा तोपर्यंत मॅट्रिकच्या वर्गात पोहोचेल. रोजचे गवत-पाणी व झाडलोट घरातील कोणती प्रौढ व्यक्ती करणार, हे आधी ठरवावे. झाडलोट फारशी कष्टाची नसते, कारण ससा एकाच कोपऱ्यात लघवी करतो. तेथे पसरट टोपले ठेवून त्यात जुनी वर्तमानपत्रे व पेंढा घातला म्हणजे काम भागते. टोपल्यातील लेंड्या व पेंढा परसातील खड्ड्यात टाकल्यास भाजीपाल्यास चांगले खत होते.

पिल्लू आणावयाचे ते दिवाळीनंतर, मार्गशीर्ष वा पौष महिन्यात आणावे. रात्रीच्या गारठ्यात बसावयास पेंढ्याने भरलेले खोके पुरते, आणि उन्हाळा येईपर्यंत त्याला घराची व घराला त्याची सवय होते. जुन्या जागचे खाद्य आठवडाभर तसेच चालू ठेवून नवे हळूहळू मिसळावे. पहिले दोन दिवस मुलांनी त्याला दुरूनच पाहावे.